लुगडं नेसलेली मशीन

मोहदऱ्यात इंदूबाईचं घर कुठं म्हणून विचारलं, तर कोणी डावं-उजवं सांगत नाही. "वर पाहत जा," म्हणतात. उन्हाळ्याचे चार महिने ज्या स्लॅबवर पांढरं धोतर अंथरलेलं असेल आणि धोतरावर मुगाच्या वड्यांच्या ओळी दिसतील, ते घर इंदूबाईचं. मारेगावाकडून खाणीकडं जाणारा डांबरी रस्ता तिच्या ओट्याला घासूनच जातो, त्यामुळं घर चुकायची सोय नाही.

इंदूबाईचं माहेर बोरी अरबचं. वड्या घालायची अक्कल तिनं आईकडून घेतली. डाळ रात्रभर भिजवायची, सकाळी चोळून चोळून सालं काढायची, वाटताना मिरची-लसूण-जिरं, आणि कोहळ्याचा कीस पिळून. धोतर ओलं करून अंथरायचं आणि पहिल्या दोन वड्या मोठ्या घालायच्या, एक नवरा, एक नवरी. मग त्यांच्याभोवती सगळं वऱ्हाड. आईच्या घरी छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर हळद-कुंकू गेलं, देवघर गेलं, नवरा-नवरी मात्र राहिले. आई म्हणायची, "देव सोडले म्हणून वरात कायले सोडाव?" इंदूबाईनं त्यात आपली भर घातली. ती दरवर्षी त्या दोन वड्यांना नावं ठेवायची, गावात त्या साली ज्यांची जास्त चर्चा असेल त्यांची. एका साली सरपंच आणि ग्रामसेवक झाले होते. एका साली नळ आणि पाणी, कारण दोघांची भेट काही होत नव्हती.

वड्या मारेगावच्या बाजारात जायच्या, आणि एक मोठं पुडकं यवतमाळला, लोहाऱ्याच्या कुंदाताईंकडं. कुंदाताई सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या, बोलण्यात साखर, पण चवीला मोठ्या कडक. दोन सालांपूर्वी त्यांचा फोन आला. "इंदूबाई, वड्या मिळाल्या हो. या वेळी उडदाच्या दिल्या का?"

इंदूबाईनं फोन ठेवला आणि चुलीपुढं जाऊन बसली. तिला कोणी चोर म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मुगाची वडी उडदाची दिसली! पिवळीजर्द वडी जाऊन राखाडी झाली, हे तिलाही दिसत होतं, पण दिसणं वेगळं आणि यवतमाळहून कोणी सांगणं वेगळं.

कारण काही गुपित नव्हतं. खाणीतून कोळसा भरून टिप्पर निघायचे ते तिच्या ओट्यावरूनच. पूर्वी दिवसाला मोजके जायचे. आता एक गेला की त्याचा फुफाटा खाली बसायच्या आत दुसरा यायचा. वरती ताडपत्री नाही, रस्त्यावर पाण्याचा शिपका नाही. आणि गंमत अशी, की त्यातला एक टिप्पर तिचा मुलगा विक्कीच चालवायचा.

"तुहा टिप्पर माह्या वड्यावरून जाते," इंदूबाई त्याला भाकर वाढता वाढता म्हणायची.

"माय, मी तं घरापुढं आलो की गाडी हळू करतो."

"हळू करतं म्हणूनच तं जास्त सांडते! उडवत ने ना एकडाव."

विक्कीचा बाप उकंड्या खाटेवरून हसायचा. त्याच्या हातात नेहमी पक्कड नाहीतर पाना असायचा. गावातले मोडके पंखे, कूलर, मोटारी त्याच्याकडं यायच्या आणि बऱ्याचशा तिथंच राहायच्या. "कोळसा आपल्या दारावरून जाते," तो म्हणायचा, "आन् लाईट आपल्या घरातून जाते. मंग हे वीज होते कोनासाठी?"

हे मात्र त्याचं खरं होतं. इंदूबाई डाळ वाटायला मिक्सर लावायची आणि मिक्सर अर्ध्यावर थांबायचा.

तर झालं असं, की खाणीला आणखी कोळसा काढायचा होता. त्यासाठी नियम असा, की आधी सुनावणी होणार. मांडव टाकून कलेक्टर साहेब बसणार, आसपासच्या गावांनी एकेकानं उठून आपलं म्हणणं सांगायचं, आणि ते लिहून घेतलं जाणार. इंदूबाईची सून दीपा बारावी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस. तिनं ही बातमी आणली आणि सांगितलं, "आत्या, एकाले तीन मिनिटं भेटतेत."

"तीन मिनिटात तं माह्या तोंडाचं कुलूप बी उघडत नाई."

पण तिनं तयारी केली. कशी केली म्हणता? उकंड्याला खाटेवर उशी टेकून बसवलं, तो कलेक्टर. दीपा हातात मोबाईल धरून मिनिटं मोजणार. शेजारची चंदाबाई म्हणजे जनता. इंदूबाई पदर खोचून उभी राहायची. "सायेब, जयभीम. मी इंदूबाई. मी कोळशाच्या इरोधात नाई. माहा पोरगा त्याच्यावरच जेवते..."

पहिल्या दिवशी अकरा मिनिटं झाली आणि कलेक्टरला डुलकी लागली. चंदाबाई म्हणाली, "इंदे, तू वड्याची कृती सांगून राह्यली का तक्रार?" मग कापता कापता, कोहळं काढ, लसूण काढ, असं करत भाषण बरोबर तीन मिनिटांवर आलं. ते तिला इतकं पाठ झालं की ती डाळ चोळताना पुटपुटायची आणि मांजर तिच्याकडं टकामका पाहत बसायचं.

फाल्गुन सरत आला तशी उन्हं तापली. सगळीकडं पंखे-कूलर सुरू झाले, वीज पुरेना. टीव्हीवर रोज तेच, विजेच्या कारखान्यांत कोळसा नाही, देशाला वीज पाहिजे, कोळसा काढा. आणि एका दुपारी दीपा वर्तमानपत्र घेऊन आली ती पायरीवरच बसली.

"आत्या, सुनावणी नाई होत आता."

"म्हंजे? पुढं ढकलली?"

"ढकलली नाई. गरजच नाई म्हंते सरकार. विजेची निकड हाय. खाण जुन्याच जागेत थोडी वाढवाची असंन तर नव्यानं सुनावणी नको, असा नियम केला. फक्त इतकं पाह्यतीन, का पैल्या परवानगीतल्या अटी खाण पाळून राह्यली का नाई. धूळ मापात हाय का नाई, हे मोजतीन. मापात असली का झालं."

इंदूबाईनं वर्तमानपत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाली, "अन् माह्या भाषनाचं काय?"

"ते आता आमीच आयकू," खाटेवरून कलेक्टर म्हणाले. "मले तं पाठ बी झालं."

ते हसण्यावारी गेलं, पण इंदूबाईच्या मनाला ते लागलं. कोणी आपलं म्हणणं ऐकून नाही म्हणालं असतं तर तिला चाललं असतं. विचारलंच नाही, हे तिला पचेना. घरात दळण असून जातं बंद असावं तसं तिला झालं. दीपानं तिला समजावलं, "आत्या, अजून यक रस्ता हाय ना. मोजणीत धूळ जास्त निघाली तर खाणीले पैले पानी माराव लागते, ताडपत्री टाकाव लागते. मंगच पुढची परवानगी."

"म्हंजे मी नाई बोललो तरी धूळ बोलंन?"

"हो."

"मंग बोलू दे. ते माह्यापेक्षा जास्त बोलते."

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रदूषणाच्या ऑफिसातून चारुदत्त साहेब आले. तिशी-पस्तिशीचे, उन्हानं लाल झालेले, डोक्यावर टोपी आणि टोपीखाली रुमाल. जीपमध्ये एक मशीन. गावात रस्त्याला लागून, स्लॅबचं आणि लाईट असलेलं घर पाहिजे होतं. तिन्ही गोष्टी एकाच घरात होत्या. दोघा जणांनी मशीन वर चढवली. पत्र्याची उभी पेटी, कमरेएवढी, वर घरासारखं उतरतं छप्पर, छपराखाली चारी बाजूंनी फट आणि आत मोटार. बटण दाबलं की घूंऽऽ आवाज.

तिचं काम कसं चालतं, ती हवा कशी ओढते, आत पांढरा कागद असतो, त्यावर धूळ बसते, मग कागदाचं वजन करतात, हे सगळं साहेबांनी नीट समजावून सांगितलं. फक्त सांगितलं उकंड्याला, आणि उकंड्याचं लक्ष मोटारीत गुंतलेलं. इंदूबाई तेव्हा खाली चहा ठेवत होती. दीपा अंगणवाडीच्या ट्रेनिंगला मारेगावात बहिणीकडं गेली होती. इंदूबाई चहा घेऊन वर आली तेव्हा साहेबांचं शेवटचं वाक्य तिच्या वाट्याला आलं.

"आजी, महागाची मशीन आहे. उद्या याच वेळेला येतो. हात लावू नका, जपा तेवढी."

"पोटच्या पोरावानी जपतो, सायेब. तुमी बिनघोर जा."

साहेब गेले. इंदूबाई मशीनकडं पाहत बसली. आपल्यासाठी बोलायला आलेली पाहुणी! पण दुपार झाली, टिप्पर सुरू झाले, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या चकचकीत पत्र्यावर काळा थर बसायला लागला. पेटी तापून हात लावू देईना. आतली मोटार तर अशी कण्हायला लागली, की इंदूबाईचा जीव तुटला.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही बाईला विचारा. पत्र्याची पेटी आहे, आत पंखा आहे, चारी बाजूंनी वारा ओढते, म्हणजे काय? कूलर. आणि कूलर कण्हायला लागला तर काय करतात? ओलं कापड.

इंदूबाईनं खाली जाऊन ट्रंकेतलं जुनं पांढरं लुगडं काढलं, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. चार पदरी केलं, बादलीत बुचकळलं, आणि मशीनच्या अंगाभोवती असं लपेटून दिलं की एक फट उघडी राहिली नाही. वर गाठ मारली. मग दर दोन-तीन तासांनी तांब्याभर पाणी. एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून स्लॅबवर पाणी शिंपडलं, ओट्यावर शिंपडलं, आणि घरापुढच्या रस्त्यावरही दोन घागरी ओतल्या. साहेबांचं यंत्र आहे, त्याला धूळ लागली तर उद्या काय म्हणतील?

चंदाबाई गच्चीवरून ओरडली, "इंदे, तुह्या मशीनचं लगन हाय का व? लुगडं नेसोलं तं!"

"तू जळ. तुह्या घरी आली असती तं तूनं शालू नेसोला असता."

लाईट मधे दोनदा गेली तेव्हा मशीन थांबली, आली तेव्हा पुन्हा सुरू झाली. इंदूबाईनं तेवढ्या वेळात तिला पदरानं वारा घातला. आपल्या सुनेच्या बाळंतपणात तिनं इतकी उठबस केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या अर्धा तास आधी तिनं लुगडं सोडलं. साहेबाच्या मशीनला आपलं जुनेर नेसवलेलं त्यांना दिसणं काही शोभलं नसतं. लुगडं तिनं तसंच गुंडाळून खाटेखाली टाकलं. मशीन पुसली. साहेब आले, त्यांनी छप्पर उघडलं, चिमट्यानं कागद काढला आणि उन्हात धरला. कागद नेला तसा परत! नवरदेवाच्या टोपीसारखा पांढराशुभ्र.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "चिखलदऱ्यालासुद्धा इतका स्वच्छ निघत नाही."

"मंग!" इंदूबाई फुशारून म्हणाली. "जपलं ना."

साहेबांना वाटलं आजी गावाबद्दल बोलत आहेत. त्यांनी वहीत लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

संध्याकाळी दीपा आली. सासूनं मोठ्या हौसेनं सगळी हकिगत सांगितली, कशी जपली, कशी नटवली. दीपाचा हात कपाळाला गेला तो तिथंच राहिला.

"आत्या! ते कूलर नोहतं व! ते धूळ खाची मशीन होती. तुमी तिच्या तोंडाले फडकं बांधलं!"

इंदूबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे ते बोललीच नाई?"

"बोलली ना. मोहदऱ्यात धूळच नाई म्हणून बोलली. आता खाण तोच कागद दाखवंन, अन् आपल्याले पानी बी नाई, ताडपत्री बी नाई."

उकंड्या खाटेवर उठून बसला. "सरकारनं सुनावणी बंद केली," तो म्हणाला, "अन् तूनं मोजणी."

त्या रात्री इंदूबाई जेवली नाही. सकाळी उठली ती धुण्याला बसली. खाटेखालचं लुगडं ओढून बादलीत टाकणार, तोच दीपानं वरचेवर पकडलं.

"हे धुवाचं नाई!"

दोघींनी ते उलगडलं. लुगड्याची बाकी बाजू मळकट होती ती होती, पण मशीनच्या फटी जिथं होत्या तिथं चार काळेभोर पट्टे उठले होते, हातभर लांब, कडा अशा नेमक्या की कोणी सुरम्यानं रेघा ओढाव्यात. मशीननं ओढलेली सगळी धूळ लुगड्यानं अडवून धरली होती.

आठ दिवसांनी ग्रामसभा झाली. समाजमंदिरात सरपंच पूनमसिंग बसले, शेजारी खाणीचे एक साहेब पांढऱ्या कडक शर्टात, आणि त्यांच्या शेजारी चारुदत्त साहेब. खाणीच्या साहेबांनी कागद वाचला. देशाला ऊर्जेची गरज कशी आहे, मोहदऱ्याचं त्यात योगदान कसं आहे, आणि गावातली धूळ मर्यादेच्या निम्म्याहूनही कशी कमी आहे. गाव एकमेकांच्या काळवंडलेल्या बनियनींकडं बघत राहिलं.

"कोनाले काई बोलाचं हाय का?" पूनमसिंगांनी विचारलं.

इंदूबाई उठली. काखेत गाठोडं. तीन मिनिटांचं भाषण ओठांवर होतंच, पण तिनं ते गिळलं.

"सायेब, जयभीम. माह्या हातून चूक झाली."

तिनं चारुदत्त साहेबांकडं बोट केलं.

"हे साहेब मले म्हणाले का मशीनले हात लावू नका. मी नाई लावला. मी लुगडं लावलं."

आधी चंदाबाई खुदकली. मग मागच्या बायका. मग सगळं समाजमंदिर. इंदूबाई मात्र हसली नाही. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, मशीन कशी कण्हली, पाणी किती घातलं, लाईट गेली तेव्हा वारा कसा घातला. चारुदत्त साहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला रुमाल, आणि रुमालाआडून त्यांचे खांदे हलायला लागले. शेवटी तिनं गाठोडं सोडून लुगडं दोन्ही हातांनी ताणून धरलं. दुसरं टोक दीपानं धरलं. चार काळे पट्टे सगळ्या सभेनं पाहिले आणि हसू आपोआप थांबलं.

"हे आमच्या गावाची हवा. यक दिवसाची. आमी हे रोज नेसतो, रोज खातो," इंदूबाई म्हणाली आणि खाली बसली.

"हा काही पुरावा होत नाही," खाणीचे साहेब म्हणाले. "लुगड्यावर धूळ मोजायची कुठलीच पद्धत नाही."

"बरोबर आहे," चारुदत्त साहेब उठत म्हणाले. "धुळीचा पुरावा नाही. पण माझा नमुना चुकला, याचा पुरावा नक्की आहे." त्यांनी पट्ट्यांना बोट लावून पाहिलं, लुगड्याचा फोटो काढला आणि कागदावर आडवी रेघ मारून लिहिलं, नमुना रद्द, पुन्हा मोजणी. मग वाकून हळूच म्हणाले, "आजी, या वेळी उघडीच राहू द्या तिला."

"नागडी ठेवतो, सायेब," इंदूबाई म्हणाली, आणि सभा परत सुरू झाली ती हसण्यानंच.

दुसरी मोजणी ठरली. पहिली न सांगता झाली होती, पण फेरमोजणीची तारीख खाणीला कळवणं भागच होतं, नियम तसा. आणि त्या दिवशी उजाडता उजाडता चमत्कार! खाणीचा टँकर आला, खाणीतलंच उपसलेलं पाणी, मागून फवारा मारत. टिप्पर आले ते ताडपत्र्या घालून, डोक्यावरून पदर घेतलेल्या नव्या सुनांसारखे, हळू, ओळीनं. विक्कीही त्यात होता, आईकडं न पाहता गेला. मशीन उघडी बसली होती, पण तिला खायला होतं काय?

इंदूबाईनं त्या दिवशी रिकामं बसवेना म्हणून वड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कागद काढला. जरासा मळलेला, पण मापात.

"मला दिसतंय सगळं," चारुदत्त साहेब ओशाळून म्हणाले. "पण कागद जे सांगतो तेच मला लिहावं लागतं. एवढं मात्र शेऱ्यात लिहितो, की मोजणीच्या दिवशी पाणी मारलेलं होतं आणि वर्षभरात कधीही न सांगता पुन्हा मोजणी व्हावी."

परवानगीचा कागद त्याच महिन्यात पुढं गेला. कोळसा वाढला. विक्कीच्या खेपा वाढल्या. खरं सांगायचं तर लाईट जाणंही थोडं कमी झालं, आणि मिक्सर डाळ पुरी वाटून द्यायला लागला. आणि मशीन स्लॅबवरून उतरली त्या दिवसापासून टँकर बंद.

"हरलो आपन," उकंड्या म्हणाला.

इंदूबाई डब्यातल्या वाळलेल्या वड्या काढून निवडत होती. मोजणीच्या दिवशी घातलेल्या वड्या. तिनं एक वडी उचलून उन्हात धरली. पिवळीजर्द. दोन सालांत अशी वडी तिच्या हाताला लागली नव्हती.

"विक्कीचे बाबा," ती म्हणाली, "मशीन धूळ मोजत नाई."

"मंग?"

"बसवते. ते वर बसली का खाली धूळ बसते." आणि तिनं कोपऱ्याकडं पाहिलं. कोपऱ्यात तीन उन्हाळ्यांपासून पडलेला जळक्या मोटारीचा कूलर होता. दुरुस्त करतो, करतो म्हणत उकंड्यानं तिथंच ठेवलेला. "तुमचा तो कूलर वर न्या."

"मोटार जळली हाय त्याची."

"मले मोटार नाई पाह्यजे. मले पेटी पाह्यजे. अन् वरून छप्पर करून द्या, त्या मशीनवानी. लक्ष तं तुमचं तिच्यातच होतं त्या दिवशी."

उकंड्याच्या सगळ्या जन्मात बायकोनं त्याला इतकं पसंत पडणारं काम सांगितलं नव्हतं. त्यानं तेलाचे दोन डबे कापून उतरतं छप्पर केलं, पेटीला करडा रंग दिला, एक तुटकी वायर काढून जिन्यापर्यंत लोंबती सोडली. रस्त्यावरून पाहिलं तर खुद्द मशीनच्या आईनं ओळखली नसती. चंदाबाईला शपथ घालून गप्प केलं. ती दोन दिवस पोट धरून फिरली.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. चौथ्या दिवशीही आला. टिप्परांवर ताडपत्र्या चढल्या. विक्की जेवायला आला तो हसू दाबतच.

"माय, खाणीत बोंब हाय. मोहदऱ्याले कायमची मशीन बसली म्हंतेत. मले साहेबानं इचारलं, तुह्याच घरावर हाय ना रे?"

"मंग तू काय सांगतलं?"

"खरं तेच. म्हटलं, साहेब, माह्या मायनं मले स्लॅबवर चढाची मनाई केली हाय. वड्या असतेत."

वैशाखात वड्यांना जागा पुरेना. एक धोतर संपलं की दुसरं. कुंदाताईंचं पुडकं गेलं आणि चार दिवसांनी फोन आला. "इंदूबाई, आता बरं वाटलं हो. अगदी मुगाच्या वाटतात."

"मुगाच्याच हायेत, ताई. त्याइची तब्येत बरी नोहती."

आणि मग एका सकाळी, न सांगता न सवरता, जीप उभी राहिली. चारुदत्त साहेब स्वतः जीपवाल्याच्या मदतीनं मशीन घेऊन वर चढले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. समोर करडी पेटी, वर छप्पर, खाली लोंबती वायर. त्यांनी एक फेरी मारली. वाकून आत पाहिलं. आत गवताच्या काड्या आणि चिमणीचं घरटं.

"आजी, हे काय?"

"कूलर हाय," इंदूबाई म्हणाली. खोटं ती कधी बोलली नाही.

"चालतो?"

"त्याले चालाची गरजच नाई, सायेब."

साहेबांनी खाली रस्त्याकडं पाहिलं. रस्ता ओला होता, कडेची झाडं हिरवी दिसत होती. त्यांनी टोपी काढली आणि असे हसले की खालून उकंड्या काय झालं म्हणून वर आला. "मी याबद्दल काही लिहिणार नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "कूलर ठेवायला परवानगी लागत नाही." मग त्यांनी आपली खरी मशीन कूलरच्या शेजारी मांडली, बटण दाबलं आणि इंदूबाईनं पुढं केलेल्या खाटेवर बसले. दीपानं वड्यांची रस्सा भाजी आणि भाकर आणली. धोतरावरच्या दोन मोठ्या वड्या पाहून साहेबांनी विचारलं, या एवढ्या मोठ्या का.

"हे नवरा-नवरी," इंदूबाई म्हणाली. "यंदा कूलर अन् मशीन."

साहेब जेवले. हात धुऊन म्हणाले, "आजी, सभेत तुम्ही काखेत गाठोडं घेऊन उठलात तेव्हा मला वाटलं, या बाईकडं बोलायला बरंच आहे. तुम्ही मात्र चूक सांगून बसलात. आणखी काही होतं का?"

इंदूबाईनं दीपाकडं पाहिलं. दीपानं मोबाईल काढला. इंदूबाईनं पदर खोचला आणि खाटेसमोर उभी राहिली. उकंड्या साहेबांच्या बाजूला सरकून ताठ बसला, जुना कलेक्टर जसा नव्याला जागा देतो तसा.

"सायेब, जयभीम. मी इंदूबाई. मी कोळशाच्या इरोधात नाई. माहा पोरगा त्याच्यावरच जेवते. पन परवानगी देनाऱ्यानं आमाले यकडाव इचाराव..."

साहेबांनी वही काढून मांडीवर घेतली आणि लिहू लागले. दीपानं नंतर सांगितलं, बरोबर तीन मिनिटं, एक सेकंद इकडं ना तिकडं.

भाषण संपतं न संपतं तोच खालून टँकरचा भोंगा वाजला. ड्रायव्हरनं रोजच्यासारखी मान वर करून स्लॅबकडं पाहिलं, आणि त्याला आज एकाच्या जागी दोन मशिनी दिसल्या. एक तर चक्क घूंऽऽ करत होती. तो गावाच्या टोकापर्यंत पाणी मारत गेला, तिथून टँकर वळवला, आणि परत येताना पुन्हा एकदा सगळा रस्ता भिजवून गेला.